मागे उभी असलेली बाई

माझा धाकटा भाऊ फोटोत कधीच डोळे उघडे ठेवत नाही. शाळेच्या ग्रुप फोटोपासून ही रड आहे. सगळा वर्ग कॅमेऱ्याकडे बघतोय आणि हा मधल्या रांगेत उभ्या उभ्या झोपलाय. फोटोग्राफरने 'तीन' म्हटलं की याचे डोळे मिटलेच. का, ते त्यालाही माहीत नाही. घरात त्यावरून त्याची इतकी थट्टा झाली की शेवटी थट्टा करणारेच कंटाळले. पण याच खोडीपायी त्याच्या बायकोचा व्हिसा अडकेल, असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

धाकटा परदेशात लिफ्ट दुरुस्त करतो. सुट्टीवर आला, लग्न केलं, सुट्टी संपली, परत गेला. बायकोला तिकडे नेण्यासाठी त्याने रीतसर अर्ज केला. अनुभवी लोक म्हणाले, वर्षभरात होतं. वर्ष उलटलं, दुसरंही उलटलं, आणि अर्जाचं भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं. लग्नानंतर आईने दूधवाल्याला सांगितलं होतं, "नवी आली की तिच्याकडे देत जा." तेव्हापासून ती नवीच राहिली. दूधवाला बदलला, माझ्या खोलीतला पंखा बदलला, नवी मात्र नवीच.

घरात आम्ही तिघी. आई, मी आणि नवी. माझ्या कपाटातले दोन खण मी तिला रिकामे करून दिले होते, तात्पुरते. तिने कपडे ठेवले, पण मोठी बॅग काही पूर्ण उघडली नाही. नवीन चप्पल घेऊ या म्हटलं की म्हणायची, "तिकडे थंडीत ही चालायची नाही." जाड स्वेटर घेऊ या म्हटलं की म्हणायची, "इथे घालू कुठे?" त्यामुळे तिच्याकडे धड इथलं काही नव्हतं आणि तिकडचंही नव्हतं. आई तर तिला चहा पाहुण्यांच्या कपातून द्यायची, बशीसकट. आम्हा दोघींना कान तुटलेले कप. मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "जाणारी मुलगी आहे ती. चार दिवस आहे तोवर नीट ठेवायला नको?" या चार दिवसांत तिने दोनदा गॅसची शेगडी दुरुस्त करून आणली होती.

सकाळी तो बशीवाला चहा संपला की नवी फोनवर व्हिसा खात्याची वेबसाइट उघडायची. तिथे लिहिलेलं असायचं, 'अर्ज विचाराधीन आहे.' ती ते वाचायची, फोन ठेवायची आणि कप विसळायची. कधी हुंदका नाही, चिडचिड नाही. मलाच चीड यायची. विचार करायला इतका वेळ लागतो, तर माणसं काय विचार करतात तरी काय?

संध्याकाळी धाकट्याचा व्हिडिओ कॉल. त्याची तेव्हा जेवणाची सुट्टी असते. लिफ्टच्या मशीनखोलीत बसून डबा खात तो बोलतो, आणि तिथे नेटवर्कची बोंब. चेहरा मध्येच अडकतो, आणि अडकतो तो नेमका डोळे मिटलेला. नवी त्या मिटल्या डोळ्यांकडे बघत थांबून राहायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "कट कर आणि पुन्हा लाव." ती म्हणायची, "असू दे, येईल."

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याचा आणि एक माझ्या पायाशी. उभा जन्म शेजारच्या सीटवर गेला म्हणा ना. माणूस सीटवर कसा बसतो यावरून मी सांगू शकते की हा चौकात गाडी बंद पाडणार. आमच्या धंद्यातले काही जण सारखा आपला ब्रेक दाबत असतात. मला ते मुळीच पटत नाही. दुसरा ब्रेक अगदी गळ्याशी आल्याशिवाय वापरायचा नाही. उगाच दाबला की शिकणाऱ्याचा धीर जातो, मग तो रस्ता सोडून तुमच्या पायाकडेच बघत बसतो. नवीला मी रिकाम्या वेळात शिकवायला घेतलं, तिकडे उपयोगी पडेल म्हणून. सुरुवातीचे काही दिवस सोडले तर तिच्यासाठी मला तो ब्रेक लागलाच नाही. ती मला चिडवायची, "ताई, तुमचा पाय आता पेन्शनीत निघाला."

तिचं स्वतःचं काम फोटो स्टुडिओत. फोटो काढायचं नाही, काढलेले सुधारायचं. मिटलेले डोळे उघडायचे, सुटलेली पोटं आत घ्यायची, स्टेजवर राहिलेली पाण्याची बाटली गायब करायची. या कामात तिचा हात असा बसलेला की गिऱ्हाइकं तिला विचारत येतात. काम डोक्यात इतकं भिनलेलं, की रस्त्याने चालतानाही म्हणेल, "ती वायर मध्ये नसती तर ती खिडकी किती छान दिसली असती!" मी म्हणायचे, "वायर नसती तर खिडकीत दिवा लागला नसता." त्यावर ती हसायची आणि पुढचा खांब मनातल्या मनात पुसायची.

तर एके सकाळी तिने वेबसाइट उघडली आणि कप विसळायला उठलीच नाही. मी बूट घालत होते.

"काय गं?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. अर्जासोबत जोडलेल्या लग्नाच्या फोटोंमध्ये फेरफार केलेले दिसतात, असं त्या खात्याचं म्हणणं होतं. वेगवेगळ्या ठिकाणच्या फोटोंत पतीचे डोळे तंतोतंत सारखे आहेत. बागेत, भर उन्हात काढलेल्या फोटोतही त्याच्या बुबुळांत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आहे. मूळ फोटो पाठवा आणि पत्नीने मुलाखतीला हजर राहावं. समाधान झालं नाही, तर विवाह खरा नसल्याचं धरून अर्ज फेटाळला जाईल.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"म्हणजे त्यांचं म्हणणं, लग्न झालंच नाही."

"झालं नाही? अगं, मी पायाला पट्टी बांधून दिवसभर उभी होते!"

मी नवीकडे बघितलं. ती टेबलावरच्या बशीकडे बघत होती.

"त्याचे डोळे तू उघडलेस?"

"सगळ्या फोटोंत मिटलेले होते, ताई. लायसनच्या फोटोत तेवढे उघडे होते. तेच घेतले."

"सगळीकडे तेच?"

"दुसरे होतेच कुठे?"

मी कपाळाला हात लावला. सरकारी कागदांना जोडायचे फोटो, आणि या बाईने ते गिऱ्हाइकाच्या अल्बमसारखे सजवून दिले! पण तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. दुकानातून बिनसुधारलेला फोटो बाहेर गेला तर ती आजारी पडेल. स्वतःच्या लग्नातला नवरा झोपलेला दिसतोय, आणि तोच फोटो साहेबांना पाठवायचा, हे तिच्या हातून होणंच शक्य नव्हतं.

त्या दिवशीचे क्लास मी पुढे ढकलले आणि ते फोटो पहिल्यांदा नीट बघितले. तोवर बघायचं कारण नव्हतं, लग्नात मी होतेच की. धाकटा प्रत्येक फोटोत टक्क डोळे उघडून बघतोय, समोरून ट्रक आल्यासारखा. त्यावर हसू येत होतं. मग एक गोष्ट लक्षात आली.

"मी कुठाय?"

नवी कप विसळायला उठली.

"अगं, या फोटोच्या वेळी मी यांच्या मागेच उभी होते. जेवण वाढणाऱ्यांनी गोंधळ घातला होता, मी त्यांना झापत होते. हातात डाव होता माझ्या. इथे तर पडदा आहे."

"पडदा मी केलाय," नवी म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हते, ताई. मागे एक बाई होती, तोंड उघडं, हात वर. सगळं लक्ष तिकडेच जात होतं."

आई फस्सकन हसली. मीही हसले, पण खोटं कशाला बोलू, मला लागलं. सख्ख्या भावाच्या लग्नात मी नव्हतेच. एकाही फोटोत नव्हते. बागेतल्या फोटोत माझ्या जागी झुडूप होतं.

मूळ फोटो शोधायला आम्ही स्टुडिओत गेलो. मालक काका भला माणूस, पण अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडला की मूळ फोटो पुसून टाकायचा, असा त्यांचा शिरस्ता. "जागा किती खातात ते! आणि पुसायचं काम हिच्याकडेच असतं," ते म्हणाले. "हिनेच पुसले असणार." नवीने मान हलवली. स्वतःच्या लग्नाचे मूळ फोटो तिनेच पुसले होते, त्या आठवड्याच्या बाकी गिऱ्हाइकांबरोबर.

मग राहिले नातेवाइकांचे फोन. रविवारी सकाळीच निघालो. नवी गाडी चालवत होती, मी शेजारी आणि गाडीच्या टपावर आमच्या क्लासची पाटी. आत्याकडे गेलो, मावशीकडे गेलो. मामाच्या फोनमध्ये शुभ सकाळ म्हणणारी इतकी फुलं होती, की त्याखालून लग्न उकरून काढता काढता नाकी नऊ आले. प्रत्येक घरी चहा आणि तोच प्रश्न, "अजून इथेच का गं?" नवी प्रत्येक घरी "हो ना" एवढंच म्हणायची. चौथ्या घरी मीच म्हणाले, "इथे काय वाईट आहे?" म्हटल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

फोटो सापडले. सगळे वाकडेतिकडे, कुणाचा अंगठा मध्ये आलेला, कुणाचं डोकं कापलेलं. आई एका फोटोत जांभई देत होती. धाकटा सगळीकडे गाढ झोपेत. आणि मी जिथे तिथे. स्टेजच्या मागे, दारात, बागेत, हातवारे करत, तोंड उघडं. एका फोटोत फोटोग्राफर समोर उभा आहे, धाकट्याने डोळे गच्च मिटलेत आणि नवी त्याच्याकडे बघून खळखळून हसतेय. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्या फोटोतही तिच्या खांद्यावरून मी डोकावतेय, डाव घेऊन.

"हाही पाठव," मी म्हणाले.

"यात तुमचं तोंड किती मोठं उघडलंय."

"आहेच मोठं. पाठव."

तिने फोनवरचा अंगठा फोटोवर फिरवला. सवयीने तिने माझ्या चेहऱ्यापाशी तो मोठा केला. मला वाटलं आता काहीतरी करणार. पण काही न करता तिने तो तसाच पाठवला. घरी परतताना गाडी तीच चालवत होती. दिवसभर दारोदार फिरून मी तिला घालवून द्यायचे पुरावे गोळा केले होते, आणि ते भरपूर मिळाले होते.

मुलाखतीच्या दिवशी गाडी तिनेच चालवली. गिअर एकदाही चुकला नाही. ती आत गेली आणि मी गाडीत बसून राहिले. रेडिओ लावला, बंद केला. त्या इमारतीच्या दारातून लोक बाहेर येत होते. कुणी बाहेर येताच फोन लावायचे, कुणी पायरीवरच बसायचे. त्यांचे चेहरे बघून आत काय झालं ते ओळखायचा मी प्रयत्न केला. जमलं नाही. माणूस सीटवर बसलेला असेल तरच मला कळतं.

नवी आली, माझ्या बाजूचं दार उघडून उभी राहिली आणि मी उतरताच माझ्या जागेवर बसली. पहिल्यांदाच. मी सीट सरकवून स्टीअरिंगमागे बसले.

"काय म्हणाले?"

"एक बाई होत्या. त्यांनी सगळे फोटो टेबलावर मांडले. जुने एका बाजूला, नवे एका बाजूला. मग बोट ठेवून विचारलं, ही कोण?"

"कोण?"

"तुम्ही. म्हणाल्या, ही बाई आधीच्या फोटोंत नाही आणि नंतरच्या फोटोंत सगळीकडे आहे. मी म्हटलं, माझी नणंद आहे. त्या म्हणाल्या, ही ओरडतेय का? मी म्हटलं, स्वभावच तसा आहे."

"असं सांगितलंस?"

"खरं सांगायला बजावलं होतं ना तुम्ही."

मग अधिकारीण बाईंनी तिला विचारलं, तुम्ही या नणंदेबरोबर राहता का? आणि नवी बोलत सुटली. ताई घोरतात. ताई गाडीची किल्ली पिठाच्या डब्याशेजारी ठेवतात आणि रोज घरभर शोधतात. मला ताप आला तेव्हा ताई तीन क्लास बुडवून उशाशी बसल्या आणि पूर्ण वेळ मला रागावत होत्या. त्या बाई म्हणाल्या, ते ठीक आहे, आता नवऱ्याबद्दल सांगा.

"मग?"

"मग मी त्यांचंही सांगितलं. लहानपणी त्यांनी शर्टाचं बटण गिळलं होतं. अंधारात जायला घाबरायचे, आणि आता तशाच अंधारात, लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करतात. फोटोवाला तीन म्हणाला की डोळे मिटतात. त्या म्हणाल्या, हे सगळं त्यांनी सांगितलं तुम्हाला? मी म्हटलं, नाही. त्यांच्याबरोबर मी राहिलेच किती? मला ते जेवढे माहीत आहेत, त्यातले निम्मे या फोटोतल्या बाईकडून कळलेत."

मी किल्ली फिरवली आणि क्लच सोडला. गाडी बंद पडली. आज किती वर्षांनी.

"हसल्या का त्या?"

"नाही. पेन खाली ठेवलं आणि त्या हसणाऱ्या फोटोकडे बघत राहिल्या. मग जा म्हणाल्या."

पुढे काही आठवडे पुन्हा तेच. चहा, वेबसाइट, कप. मी सकाळी मुद्दाम रेंगाळायचे. तिने फोन उघडला की मी तिच्या खांद्यावरून डोकावायचे, आणि 'विचाराधीन' दिसलं की जीव भांड्यात पडायचा. हे उलटं होतं, मला कळत होतं. माझा भाऊ तिकडे एकटा डबा खातोय, ही पोरगी इथे अडकलेल्या चित्राकडे बघत बसलीय, आणि मला मात्र ती जायला नको होती. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

मंजुरी आली त्या सकाळी नवी खुर्चीतून उठली आणि आईच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे आली. मी म्हटलं, "बरं झालं बाई, कपाटाचे खण मोकळे होतील." ती रडत होती आणि हसत होती, त्या फोटोतल्यासारखी. धाकट्याला कॉल लावला. तो काहीतरी ओरडला आणि अडकला. डोळे मिटलेलेच होते, पण गाल ओले दिसत होते.

दुसऱ्या दिवशी आईने तिच्यापुढे चहा ठेवला तो कान तुटलेल्या कपात. बशी नाही. नवी कपाकडे बघत राहिली.

"पाहुण्यांचे कप वर ठेवले," आई म्हणाली. "आता जायचं नक्की झालंय. तोवर तरी घरच्यासारखी राहा."

जायच्या दिवशी मोठी बॅग डिकीत घातली. कपाटातले खण रिकामे झाले होते. त्यात मी लगेच माझे कपडे भरून टाकले, म्हणजे नंतर बघायला नको. भिंतीवर तिने एक फोटो लावून ठेवला होता, तोच, हसण्याचा. मोठा करून, चौकटीत घालून. मी जवळ जाऊन बघितला. काहीच सुधारलेलं नव्हतं. धाकटा झोपलेला, आईचा नुसता कोपर, आणि मागे मी, डावासकट. टेबलावर पाण्याची बाटलीसुद्धा तशीच.

"चालवतेस का?" मी विचारलं.

"चालवते की."

आई मागच्या सीटवर बसली. दुपारची वेळ, रस्ता मोकळा होता. नवी छान चालवत होती. आरसे बघत होती, वेग बेताचा, हात सैल. मला सांगण्यासारखं काही नव्हतं. विमानतळाची पाटी आली. तिने वळण्याआधी इंडिकेटर दिला, मागे बघितलं, गिअर उतरवला. सगळं मी शिकवलं तसंच.

मी ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. आई पुढे येऊन सीटवर आदळली.

"काय झालं, ताई?" नवीने पुढे बघितलं, आरशात बघितलं. "कुणी आलं का मध्ये?"

"नाही. कुणी नाही."

तिने खाली माझ्या पायाकडे बघितलं. मीही बघितलं. पाय अजून ब्रेकवरच होता, आणि निघत नव्हता. नवीने स्टीअरिंगवरचा हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"अगं, उशीर होईल तिला," मागून आई म्हणाली.

मी पाय उचलला.

"पहिल्या गिअरवर घे," मी म्हणाले. "आरशात बघ आणि निघ."